काखेत उनो, गावाला वळसा

टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारं सर्किट घरीच जोडायला बसावं, तर सेन्सर, रिले सगळं जमतं आणि गाडं अडतं ते चिपमध्ये प्रोग्रॅम चढवताना. मग प्रोग्रॅमर कोणता घ्यावा यावर खल, आणि पौडहून पुण्याच्या तपकीर गल्लीची खेप. कंपनीचा अस्सल घ्यायचा तर काही हजार रुपये. एटीटायनी ८५ ही आठ पायांची चिप मिळते शे-दीडशेला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

ज्याच्याकडे आर्डुइनो उनो हा बोर्ड पडून आहे त्यानं ही खेप मारूच नये. ‘आर्डुइनो ॲज आयएसपी’ हे तयार स्केच उनोत भरायचं, १० ते १३ क्रमांकाच्या पिनांवरून चार वायरी काढायच्या, शिवाय ५ व्होल्ट आणि ग्राउंड. झाला प्रोग्रॅमर. मग उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर खोचायचा, नाहीतर ऐन वेळी उनो स्वतःच रीसेट होतो.

उनो नसेल तर यूएसबीएएसपी हा तयार प्रोग्रॅमर. थोमास फिशल यांनी त्याचा आराखडा खुला ठेवला, म्हणून तो दोन-तीनशेत मिळतो. स्वस्त म्हणून नाक मुरडू नये. माझा पहिला मी ‘डेड पीस’ म्हणून दुकानात परत टाकून आलो होतो. दोष त्याचा नव्हता. कोरी एटीटायनी कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर येते. तिला प्रोग्रॅमरचा नेहमीचा वेग झेपत नाही आणि पडद्यावर ‘टार्गेट डझन्ट आन्सर’ उमटतं. उपाय त्याच बोर्डावर होता, जेपी३ लिहिलेल्या दोन भोकांत. तिथं जम्पर जोडला की वेग उतरतो. दुकानदाराला हे ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच.

चिपची मूळ ठेवण ठरवणाऱ्या फ्यूज बिटांना मात्र जपून हात लावावा. रीसेटची पिन साधी पिन म्हणून वळवली की उनो आणि यूएसबीएएसपी दोघंही हात टेकतात. १२ व्होल्टचं वेगळं सर्किट जोडल्याशिवाय चिप पुन्हा दाद देत नाही.

प्रोग्रॅमर विकतच घ्यायला हवा असंही नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. २००२ मध्ये तिथं अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीनं फॅब लॅब आली. अशा लॅबांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी प्रोग्रॅमरसुद्धा स्वतःच बनवत आले आहेत. बोर्ड कोरायचा, भाग डकवायचे, डाग द्यायचे. फक्त त्यातल्या चिपला पहिला प्रोग्रॅम घालायला आधीचा एखादा प्रोग्रॅमर लागतो, शेजारून वाटीभर विरजण आणावं तसा.