कारखाना आपला, माल विषाणूचा

पावसाळा लागला की कोपरखैरण्याच्या दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रीघ लागते आणि ‘एखादं अँटिबायोटिक लिहून द्या’ ही मागणीही ठरलेलीच. म्हणूनच हा अंक आम्ही आरएनए विषाणूंना वाहिला आहे. डेंग्यूचंच पाहा. त्याची जनुकीय संहिता जेमतेम पावणेअकरा हजार अक्षरांची. प्रथिनं घडवणारं यंत्र, म्हणजे रायबोसोम, त्याच्याकडे नाही. पेशीत शिरल्यावर त्याचा आरएनए आपल्याच रायबोसोमकडून एक सलग, लांबलचक प्रथिन बनवून घेतो आणि ते कापलं जाऊन दहा कामकरी प्रथिनं तयार होतात. डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन ही औषधं जीवाणूंचा रायबोसोम अडवतात. विषाणूकडे तो नाहीच, तर अडवणार कोणाला?

मग विषाणू अजिंक्य आहे का? नाही. नक्कल काढणारी विकरं त्याची स्वतःची असतात. त्यांवर नेम धरल्यामुळेच हेपटायटिस सी आज गोळ्यांनी बरा होतो. शिवाय पेशीची हीच यंत्रणा लशीलाही कामी येते: पुण्याच्या जिनोव्हाच्या एमआरएनए लशीला जून २०२२मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. जोडीला जीवाणूसंसर्ग असेल, तर डॉक्टर अँटिबायोटिक देतीलच. पण तो निर्णय तपासणीवर व्हावा, आपल्या आग्रहावर नव्हे. डेंग्यूवर नेमकं औषध अजून हाती नाही, तोवर साचलेलं पाणी उपसणं हाच खरा उपाय. अंक वाचा आणि तुमच्या शंका, मतभेद आम्हाला जरूर कळवा.