गाठ दिसली, पुढे काय?

पोटदुखीची तक्रार घेऊन आलेल्या शेतमजूर स्त्रीची सोनोग्राफी होते आणि अहवालात एक ओळ उमटते : 'यकृतात गाठ दिसते, सीटी स्कॅन करावा.' मूळची पोटदुखी बाजूला राहते आणि घरात कॅन्सर हा एकच शब्द घुमू लागतो. मजुरी बुडवून, उसनवारी करून शहर गाठावे लागते. वस्तुतः यकृतात अकस्मात आढळणाऱ्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. रक्तवाहिन्यांच्या गुंत्यातून बनलेली हिमँजिओमा ही त्यांतली नेहमीची. साध्या सोनोग्राफीला गाठ दिसते. परंतु तिची जात दर वेळी सांगता येत नाही. गरिबाचे दिवाळे निघते ते या दिसण्यात आणि कळण्यात असलेल्या अंतरापायी.

हे अंतर त्याच टेबलावर मिटविण्याचा मार्ग विज्ञानाने शोधला आहे. सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे, तांबड्या रक्तपेशीहूनही लहान असे बुडबुडे शिरेतून सोडावयाचे आणि गाठीत रक्त कसे शिरते व कसे ओसरते हे पाच-सहा मिनिटे सोनोग्राफीच्याच पडद्यावर पाहावयाचे, अशी ही कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी होय. हिमँजिओमा कडेकडून आत हळूहळू उजळते व उजळलेलीच राहते. दुसऱ्या अवयवातून पसरलेल्या कॅन्सरची गाठ बहुधा मिनिटाच्या आतच काळी पडू लागते. सिरॉसिस झालेल्या यकृतातील कॅन्सर प्रथम झपाट्याने उजळतो आणि मिनिटभरानंतर सावकाश मंदावतो. हा वायू श्वासावाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडांवर त्याचा भार नाही, किरणोत्सर्गाचा प्रश्न नाही. गंभीर रिॲक्शन क्वचितच येते, तरी तिला तोंड देण्याची तयारी हाताशी असलीच पाहिजे.

ही केवळ प्रयोगशाळेतली नवलाई नव्हे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील अनेक रुग्णालयांच्या संयुक्त अभ्यासात १३०० हून अधिक रुग्ण होते. त्यांत सुमारे ९० टक्के गाठींचे निदान या तपासणीने बरोबर केले. सार्वजनिक आरोग्यसेवेने कशावर पैसा खर्चावा याचा विचार करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१२ साली निर्वाळा दिला की, साध्या सोनोग्राफीत उलगडा न झालेल्या अशा गाठींसाठी प्रौढांमध्ये ही तपासणी वापरावी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यकृतासाठी या द्रव्याला मान्यता दिली ती २०१६ साली.

या तपासणीला मर्यादा आहेत आणि त्या लपविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एका वेळी एकच गाठ नीट न्याहाळता येते. स्थूल देहात खोल दडलेली गाठ किंवा वायूने झाकलेला भाग निसटतो. कॅन्सर कोठवर पसरला हे ठरविण्यास सीटी वा एमआरआय लागतोच. काही वेळा बायॉप्सीही टळत नाही. सर्वांत मोठी गोष्ट अशी की, निदान करणारा हात आणि डोळा तयार असावा लागतो.

खरी अडचण येथेच आहे. तालुक्याच्या गावी सोनोग्राफी यंत्र पोचले. परंतु त्यात कॉन्ट्रास्टची सोय असेलच असे नाही, आणि ती चालविणारा प्रशिक्षित डॉक्टर त्याहून दुर्मिळ. यंत्र विकण्यात नफा आहे, हात शिकविण्यात नाही. म्हणून ते काम बाजार आपण होऊन करणार नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी हे प्रशिक्षण नित्याचे करावे, जिल्हा रुग्णालयांत योग्य यंत्र व हे द्रव्य सामूहिक खरेदीने उपलब्ध करावे, ही मागणी अवास्तव नाही.

महाराष्ट्राला सोनोग्राफीचा दुसरा इतिहासही ठाऊक आहे. गर्भलिंग तपासून मुलीचा गर्भ पाडण्याचा धंदा फोफावला, तेव्हा १९८८ साली राज्याला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. यंत्राला स्वतःची नीती नसते. ती समाजाने द्यावयाची असते. धंदा रोखण्यासाठी जे राज्य पुढे आले, त्याच राज्याने आता हे यंत्र त्या शेतमजूर स्त्रीच्या कामी लावावे. गाठ निरुपद्रवी आहे, हे तिला तिच्याच जिल्ह्यात, त्याच दिवशी, कर्ज न काढता कळावे, एवढाच हा प्रश्न आहे.