नाव एक, शाखा अनेक : पैसे पाठवताना कोड तपासा, क्रमांक वाचा

माल विकला म्हणजे पैसे मिळाले असे समजू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. पूर्वी ही शिकवण व्यापाऱ्याच्या उधारीपुरती होती. आता व्यापाऱ्याने पैसे पाठवल्यानंतरही ती लागू पडते, असा अनुभव येऊ लागला आहे.

मार्च महिन्यातली गोष्ट. विल्होळीच्या बाजूचे एक द्राक्ष बागायतदार सकाळीच इंदिरानगरला घरी आले. माल बंगळूरच्या व्यापाऱ्याला दिलेला. रक्कम मोठी, आणि सोसायटीचे पीककर्ज भरायला चारच दिवस राहिलेले. मुदतीत भरले तर व्याजात सवलत, नाही भरले तर थकबाकीदार. म्हणाले, "साहेब, व्यापारी म्हणतो पाठवले, बँक म्हणते आले नाहीत. मग माझे पैसे गेले कुठं?"

व्यापाऱ्याला फोन लावला आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक मागितला. तेव्हा उलगडा झाला. या शेतकऱ्याचे खाते नाशिकच्या इंदिरानगर शाखेत. व्यापाऱ्याच्या मुनीमाने मोबाईलवर बँकेचे नाव आणि 'इंदिरानगर' एवढेच टाकले आणि पहिला दिसला तो कोड उचलला. तो निघाला बंगळूरच्या इंदिरानगरचा. घाईत खाते क्रमांकातला एक आकडाही गळाला होता. पैसे त्याच दिवशी व्यापाऱ्याच्या खात्यात परत आले होते, पण तिकडे कोणी पाहिलेच नाही. चार दिवस दोघे एकमेकांना खोटे ठरवत बसले. कर्ज कसेबसे शेवटच्या दिवशी भरले गेले. दोष कुणाच्या नियतीचा नव्हता, आकड्यांचा होता.

इंदिरानगर नाशिकला आहे, बंगळूरला आहे, लखनौलाही आहे. लांब कशाला जायचे? आपल्याच जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे, पिंपळगाव खांब आहे, पिंपळगाव बहुला आहे. नुसते 'पिंपळगाव' म्हटले तर टपालसुद्धा चुकायचे. नेमकी हीच अडचण ओळखून टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड सुरू केला. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते. पत्रासाठी जसा पिन कोड, तसा पैशासाठी बँक शाखेचा आयएफएससी कोड. गावाचे नाव माणसांसाठी असते, यंत्राला कोडच कळतो.

हा कोड नीट समजून घ्या. तो अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार इंग्रजी अक्षरे बँकेची. पाचव्या जागी नेहमी शून्य असते. ते शून्यच असते, इंग्रजी 'ओ' नव्हे. पुष्कळ जण इथेच फसतात. शेवटची सहा अक्षरे किंवा आकडे शाखेचे. चेकच्या खालच्या पट्टीवर नऊ आकड्यांचा आणखी एक कोड असतो, तो एमआयसीआर. त्याचे पहिले तीन आकडे शहराचे. नाशिकचे ४२२, म्हणजे आपल्या पिन कोडचेच. तो चेक वटवण्याच्या कामाचा. पैसे पाठवायला आयएफएससीच द्यावा, दोहोंची गल्लत करू नये.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कोड पैशाला शाखेच्या दारापर्यंत नेतो. पैसे कोणाच्या खात्यात पडायचे ते ठरवतो खाते क्रमांक. एनईएफटी आणि आरटीजीएस या दोन्ही मार्गांत रक्कम खाते क्रमांकावर जमा होते. फॉर्मवर तुम्ही नाव अचूक लिहिले आणि क्रमांकाचा एक आकडा चुकला, तर नावावरून कोणी तुमचे पैसे अडवून धरत नाही. चुकीच्या क्रमांकाचे खातेच नसेल तर रक्कम परत येते. वर सांगितलेल्या शेतकऱ्याचे नशीब एवढेच, की तसे खाते नव्हते. पण त्या क्रमांकाचे खाते दुसऱ्या कुणाचे असेल तर पैसे त्याच्या पदरात पडतात, आणि ते परत मिळवायला त्याची संमती, बँकेकडे अर्ज आणि हेलपाटे. पेरणीच्या तोंडावर हे कोणाला परवडणार?

यावर आता एक चांगला उपाय झाला आहे. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी परिपत्रक काढून बँकांना सांगितले, की १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी-आरटीजीएसने पैसे पाठवणाऱ्याला आधी समोरच्या खातेदाराचे नाव पाहण्याची सोय द्या. मोबाईल आणि इंटरनेटवर ही सोय आहेच, शिवाय शाखेत जाऊन पैसे पाठवणाऱ्यालाही ती द्यायची आहे, तीही विनाशुल्क. तेव्हा खिडकीवर फॉर्म देताना ठणकावून म्हणा, "आधी नाव दाखवा, मग पैसे पाठवा." यात लाजण्यासारखे काही नाही, हा आपला हक्क आहे.

दुसरा धोका जुन्या कोडचा. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. त्यांचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत गेली. तिचे कोड १ जुलै २०२१ पासून बंद. तरीही कपाटातल्या जुन्या पासबुकात, व्यापाऱ्याच्या वहीत आणि आपल्या सरकारी याद्यांत हे मेलेले कोड अजून सापडतात. ग्रामपंचायत, सोसायटी आणि कृषी खात्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना हात जोडून सांगणे आहे, की गेल्या वर्षीची यादी उतरवून काढू नका. दर वेळी चालू पासबुकाची झेरॉक्स घ्या. आपल्या टेबलावर एक आकडा चुकतो, तिकडे एक घर महिनाभर खोळंबते.

इथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. पीएम किसानसारखे आधारवर येणारे पैसे या कोडने येत नाहीत. ज्या बँकेत आधार शेवटचे जोडले गेले, त्या खात्यात ते पडतात. हप्ता दिसला नाही म्हणून कोड बदलत बसू नका, आधार कोणत्या बँकेला जोडलेले आहे ते विचारा.

काही जण म्हणतील, एवढी कटकट नको, रोख बरी. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत लासलगावसारखे कांद्याचे बाजार ठप्प झाले. पुढे चेकने पैसे मिळू लागले, आणि न वटलेल्या चेकांनी शेतकऱ्याला रडवले. पण चेकमध्ये आणि यात फरक आहे. चेक हे वचन आहे, खात्यात जमा झालेली रक्कम हा पैसा आहे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालते. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम असेल तर आरटीजीएस, लहान-मोठ्या कोणत्याही रकमेला एनईएफटी. बचत खातेदाराने मोबाईल किंवा इंटरनेटवरून एनईएफटी केली तर शुल्क नाही. मोठी रोकड खिशात घालून रात्री मोटारसायकलवर घरी येण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही सुरक्षित, फक्त तो डोळे उघडे ठेवून वापरला पाहिजे.

म्हणून शेतकरी बांधवांनो, एवढे पाळा. कोड आणि क्रमांक फोनवर तोंडी सांगू नका. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो द्या. मोठी रक्कम पाठवण्याआधी शंभर रुपये पाठवून पाहा आणि पोहोचल्याची खात्री करा. "पाठवले" या शब्दावर किंवा मोबाईलवर दाखवलेल्या चित्रावर गाडी खाली करू नका. यूटीआर क्रमांक लिहून घ्या आणि आपल्या खात्यात जमा दिसली तरच विश्वास ठेवा. आणि हे तर घरातल्या पोराबाळांनाही सांगून ठेवा : पैसे येण्यासाठी ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. ते मागणारा माणूस पैसे द्यायला नव्हे, न्यायला आलेला असतो. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. बँकेने तक्रारीची ३० दिवसांत दाद घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

शेवटी एक सूचना. प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि बाजार समितीने आपल्या परिसरातल्या बँक शाखांची नावे आणि चालू कोड मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहावेत, आणि दर वर्षी एप्रिलमध्ये शाखाधिकाऱ्याकडून तपासून घ्यावेत. खर्च एका रंगाच्या डब्याचा. वर्षभर राबून पिकवलेल्या मालाचा पैसा दुसऱ्याच्या दारात जाऊ नये, यासाठी एवढे तरी आपण करायलाच हवे.