माहितीच्या वखारी कोणाच्या?

८ जून २०२१ रोजी लंडनचे ‘गार्डियन’, अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि खुद्द ब्रिटिश सरकारचे अधिकृत संकेतस्थळ एकाच वेळी वाचकांना दिसेनासे झाले. या संस्थांच्या स्वतःच्या यंत्रांत कोणताही बिघाड नव्हता. संप नव्हता, घातपातही नव्हता. बिघाड झाला होता तो फास्टली नावाच्या एका खासगी कंपनीत. तिच्या एका ग्राहकाने नियमाला धरूनच आपल्या मांडणीत बदल केला आणि कंपनीच्या प्रणालीत दडून राहिलेला दोष जागा झाला. ४९ मिनिटांत बहुतेक कारभार पूर्ववत झाला व जगाने ते प्रकरण विसरणे पसंत केले. परंतु वाचक आणि वृत्तपत्र यांच्यामध्ये ही तिसरी कंपनी आली कोठून, हा प्रश्न विसरण्याजोगा नाही.

ही कंपनी वखारी चालवते. वखारीत माल असतो तो संकेतस्थळांवरील पानांच्या प्रतींचा. या साठवणुकीला संगणकशास्त्रात कॅश म्हणतात. रोकड या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते नाही. ‘दडवून ठेवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो आला आहे. (रोकडीशी त्याचा संबंध पुढे कसा जडला, ते ओघात येईलच.) तत्त्व अगदी साधे आहे. पुण्यातील हजार वाचकांनी लंडनमधील एकच पान मागवले, तर ते हजार वेळा समुद्रतळाच्या तारांवरून आणणे हा शुद्ध अपव्यय होय. पहिल्या वाचकासाठी आणलेली प्रत जवळच्या यंत्रात ठेवावी आणि उरलेल्या नऊशे नव्याण्णवांना तीच द्यावी. वाचकाचा वेळ वाचतो, तारेवरचा भार हलका होतो, मूळ यंत्रापाशी गर्दी होत नाही.

अडचण आहे ती शिळेपणाची. प्रत्येक प्रतीवर प्रकाशकाला मुदत घालता येते, औषधाच्या बाटलीवर असते तशी. मुदत सरली की वखार मूळ यंत्राला विचारते, पान बदलले काय? बदलले नसेल तर ‘३०४’ या आकड्याचे त्रोटक उत्तर येते आणि जुनीच प्रत पुन्हा चालू लागते. जुन्या ग्रंथाच्या पानाला वर्षाची मुदत चालेल. लासलगावच्या कांद्याच्या भावाला दिवसभराचीही चालणार नाही. आणि काही पाने मुळीच साठवायची नसतात. २०१५ च्या नाताळात स्टीम या संगणकीय खेळांच्या दुकानाच्या वखारीत ही चूक झाली. एका ग्राहकासाठी तयार झालेले पान दुसऱ्याच्या हाती पडू लागले आणि सुमारे ३४,००० ग्राहकांची खासगी माहिती परक्यांना दिसण्याची वेळ आली.

पण हे दोष कारागिरीचे झाले, ते दुरुस्त करता येतात. मालकीचा प्रश्न निराळा आहे आणि त्याला एक इतिहास आहे.

प्रारंभीच्या वखारी वाचकांच्या बाजूच्या होत्या. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबचा जन्म झाला. तिच्याच सर्व्हरमध्ये १९९४ पर्यंत मधल्या साठवणुकीची सोय झाली होती. १९९६ मध्ये अमेरिकेतील सार्वजनिक विज्ञाननिधीच्या साहाय्याने स्क्विड ही मुक्त प्रणाली आली. ती कोणालाही विनामूल्य वापरता येत असे, आजही येते. ब्रिटनमधील विद्यापीठांनी तर आपल्या समाईक जाळ्यावर राष्ट्रीय वखारच उभारली होती. एका विद्यार्थ्याने मागवलेले पान दुसऱ्याच्या कामी यावे, असा हा सहकारी व्यवहार होता. वखारीत काय राहील हे वाचकांच्या मागणीवरून ठरे. प्रकाशक श्रीमंत आहे की दरिद्री, याची चौकशी तेथे होत नसे.

प्रकाशकांना, विशेषतः जाहिरातींवर जगणाऱ्यांना, हे मानवले नाही. वखारीतून वाचलेल्या पानाची त्यांच्या दप्तरी नोंद होईना, आणि जाहिरातीचे दर तर वाचकसंख्येवर ठरणारे. तेव्हा त्यांतील अनेकांनी आपल्या पानांवर ‘साठवू नये’ असा शिक्का मारण्यास आरंभ केला. गणती आपल्या सोयीची व्हावी म्हणून तारेचा खर्च दुसऱ्याच्या माथी मारण्याचा हा प्रकार होता. अर्थशास्त्राच्या वर्गात बाह्य परिव्ययाचे उदाहरण म्हणून तो बिनदिक्कत सांगता येईल.

१९९८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधनातून अकामाई ही कंपनी निघाली आणि वखारीचा धनी बदलला. आता वखार प्रकाशकाच्या पैशाने चालू लागली. गणतीही त्याच्या हाती राहिली. ज्याने भाडे भरले त्याचाच माल वाचकाच्या उंबरठ्यावर ठेवला जाणार, बाकीच्यांचा माल लांबून, धापा टाकत येणार. सार्वजनिक ग्रंथालय बंद पडून त्याच जागी प्रकाशकांचे दुकान उघडावे, असा हा बदल आहे.

जुन्या वखारींना अखेरचा धक्का मात्र एका चांगल्या सुधारणेने दिला. अमेरिकी सरकारच्या हेरगिरीचे पुरावे २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी जगापुढे मांडल्यावर वाचक व संकेतस्थळ यांमधील व्यवहार सांकेतिक कुलूप लावून करण्याची रीत सार्वत्रिक झाली. ती आवश्यकच होती. मधल्या यंत्रात पाने तपासणारा आणि बदलणारा अधिकारीही बसू शकतो, हे विसरून जुन्या व्यवस्थेविषयी हळहळणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु कुलूपबंद पान वाटेवरच्या वखारीला ओळखता येत नाही, म्हणून साठवताही येत नाही. प्रकाशकाने स्वतः नेमलेल्या कंपनीला मात्र कुलूप उघडण्याचा अधिकार मिळतो. म्हणजे शाळेची वखार आंधळी झाली आणि कंपनीची डोळस राहिली. युगांडातील एका ग्रामीण शाळेत उपग्रहावरून येणाऱ्या अल्पशा इंटरनेटवर मुले कशी ताटकळतात आणि तेथील साठवणयंत्र या कुलपांमुळे कसे निरुपयोगी ठरते, याचे वर्णन वेबतज्ज्ञ एरिक मेयर यांनी २०१८ मध्ये केले. सुरक्षिततेची किंमत कोणी मोजली, हे त्यावरून कळते.

खासगी कंपन्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. क्लाउडफ्लेअरसारखी कंपनी लहान संकेतस्थळांना प्राथमिक सेवा फुकट देते आणि हल्ल्यांपासून त्यांचे रक्षणही करते. मात्र त्यामुळेच असंख्य संकेतस्थळे एका छताखाली गोळा झाली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी ते छत कोसळले, तेव्हा जगभरातील लहानमोठी संकेतस्थळे कित्येक तास त्याखाली सापडली.

भारतात २०१६ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगळे दर आकारण्यास मनाई केली. त्यामागे लाखो नागरिकांचे पत्रव्यवहाराचे आंदोलन होते व तो खरोखरच मोठा विजय होता. पण त्याच प्राधिकरणाने २०१७ च्या शिफारशींत प्रतींच्या या वखारींना समानतेच्या नियमांतून वगळले. रस्ता सर्वांना सारखा. रस्त्याकाठच्या वखारीला मात्र नियम लागू नाही! नेटफ्लिक्स आपली साठवणयंत्रे सेवादात्या कंपन्यांच्या आवारात विनामूल्य बसवून देते. तिची मागणीच एवढी मोठी की दोघांचाही त्यात लाभ असतो. तालुक्याच्या गावातून निघणारे साप्ताहिक अशी यंत्रे कोठून देणार?

वखारी मोडून टाका, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण सरकारी संकेतस्थळे, परीक्षांचे निकाल, आपत्तीच्या सूचना यांची साठवण एकाच कंपनीकडे सोपवली जाऊ नये, ही अट निविदेतच घालता येते. राष्ट्रीय इंटरनेट विनिमय केंद्र २००३ पासून सेवादात्यांना आपापसांत जोडण्याचे काम करीत आहे. सर्व प्रकाशकांना समान दराने खुली असणारी वखार त्याच्या छत्राखाली का असू नये, हे संसदेत विचारले गेले पाहिजे. शाळांपुरते तर कायद्याचीही वाट पाहण्याचे कारण नाही. किविक्स या मुक्त प्रणालीने विकिपीडियाची प्रत, मराठीसुद्धा, शाळेतल्याच एखाद्या साध्या संगणकात ठेवता येते. ती इंटरनेटवाचून चालते, आणि तिच्यासाठी कोणत्याही कंपनीशी करार करावा लागत नाही.