म्हणे, दोन फुटांसाठी कशाला भांडता!

“वहिनी, दोन फुटांसाठी कशाला भांडता? जागा काय बरोबर घेऊन जायचीय?” हे मला धाकट्या चुलत दिरांनी ऐकवलं, गावातल्या चार जाणत्यांनी ऐकवलं, आणि आमच्या केंद्रावरच्या एका जुन्या मैत्रिणीनंही जरा सौम्य शब्दांत ऐकवलं. दिरांचं आणि जाणत्यांचं मी समजू शकते, त्यांचे हितसंबंध उघड आहेत. मैत्रिणीशी मात्र मला भांडायचं आहे, आणि तेही या अंकात, सगळ्यांसमोर.

हकिकत अशी. आमच्या घरामागं परडं आहे. त्याच्या कडेला सासऱ्यांनी लावलेलं शेराचं कुंपण होतं, पलीकडे चुलत दिरांचं घर. नवरा होता तोवर, तीस वर्षं, ते कुंपण जागचं हललं नाही. तो गेला आणि वर्षश्राद्धाच्या आत ‘शेर वाळला’ म्हणून तोडला गेला. तिथं सिमेंटचे खांब आणि काटेरी तार आली, पण शेराच्या जागेवर नाही, आमच्या बाजूनं हातभर आत. पुढच्या वर्षी खांब आणखी सरकले. आज तार माझ्या न्हाणीच्या भिंतीला खेटली आहे. संडास परड्याच्या टोकाला. मागच्या दारानं जायची वाट बंद झाली. रात्री मला पुढच्या दारानं बाहेर पडून, दिरांच्या ओट्यासमोरून, बोळातून जावं लागतं. ओट्यावर माणसं बसलेली असतात. संध्याकाळनंतर पाणी पिणं मी सोडलं आहे.

दोन फूट म्हणजे हे.

शेतात दर नांगरटीला बांध कोरला जातो हे आपल्याला नवं नाही. पण कुणाचा कोरला जातो? जिथं उलटून बोलायला पुरुष उभा नाही तिचा. विधवेचा, टाकलेलीचा, माहेरी परत आलेल्या लेकीचा, मुलगा मुंबईला असलेल्या म्हातारीचा. आणि अशी बाई केंद्रावर आली की आपण रजिस्टरमध्ये काय लिहितो? ‘मालमत्तेचा वाद. वकिलाकडे पाठवले.’ मीही लिहिलं आहे, एकदा नाही, अनेकदा. नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर तो अत्याचार, आणि दिरानं वितावितानं बाहेर काढलं तर ती भाऊबंदकी! हा फरक आपण कुठून आणला?

“मोजणी करून घ्या,” असा सल्ला सगळेच देतात. मोजणीचा अर्ज कुणी करायचा? ज्याचं नाव कागदावर आहे त्यानं. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे. पण त्यावरही आपलं नाव आहे का, हे किती जणींनी जाऊन पाहिलं? घरावर नवरा-बायको दोघांचं नाव लावण्याचं ‘घर दोघांचे’ हे सरकारी परिपत्रक 2003 चं. ते मी शिबिरांतून वाचून दाखवत आले, आणि माझं स्वतःचं घर अजून सासऱ्यांच्या नावावर होतं. हसायचं असेल तर हसा.

शिवाय शेतजमिनीची मोजणी इंग्रजांच्या काळात झाली, पण बहुतेक गावठाणांची कधी झालीच नाही. केंद्र सरकारची स्वामित्व योजना एप्रिल 2020 मध्ये जाहीर झाली, त्यानंतर गावोगाव ड्रोन फिरू लागले. ड्रोन उडण्याआधी प्रत्येकानं आपापल्या हद्दीवर चुना टाकायचा. वरून चुना दिसतो, आणि तीच रेघ नकाशात उतरते. आमच्या गावात चुना टाकला त्या दिवशी मी तालुक्याला शिबिरात, बायकांना वारसाहक्काचा कायदा शिकवत होते. इथं दिरांनी तारेच्या कडेनं चुना ओढला. दोन वर्षांचं अतिक्रमण एका सकाळीत सरकारी झालं.

आता ‘गोडीनं मिटवा’चं बघा. 1963 च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमात कलम 6 आहे. बेकायदा ताबा काढून घेतला तर मालकी शाबीत न करता, नुसता आपला आधीचा ताबा दाखवून जागा परत मागता येते. नाव नसलेल्या बाईसाठी याहून मोलाचं कलम नाही. अट एकच, दावा सहा महिन्यांत लावायचा. मी आठ महिने गोडीनं घालवले. दिवाळीनंतर बसू, लग्नसराईनंतर बसू, मोठे काका आल्यावर बसू. त्यानंतरही मालकीवरून दावा लावता येतो, पण मग मालकी शाबीत करावी लागते. आणि बारा वर्षं मुकाट्यानं काढली तर समोरचाच ती जागा आपली म्हणू शकतो. तेव्हा सामोपचाराचे पाढे म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, तोवर तार कुठं राहणार? जुन्या जागी असेल तर मी वर्षभर बोलायला तयार आहे.

म्हणून मागणं केंद्राकडे आहे. रजिस्टरमधला तो शेरा बंद करा. जागेचं प्रकरण आलं की पहिला प्रश्न ‘तार कधी सरकली’ हा विचारा, आणि सहा महिने उरले असतील तर त्याच आठवड्यात तालुका विधी सेवा समितीकडे चला. तिथं कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. आणि चुना पडतो किंवा भूकरमापक येतो त्या दिवशी तिथं चार बायका उभ्या असल्या पाहिजेत. मोर्चाला पाचशे जमवतो, यासाठी चार मिळत नाहीत?

माझ्यापुरतं सांगते. वारस म्हणून नाव लावण्याचा अर्ज दिला आहे, नकाशावर हरकतही घेतली आहे. लेकीच्या लग्नातला एक फोटो सापडला. मांडवामागं शेर दिसतो, त्याच्या अलीकडे न्हाणी, आणि मधे बाज टाकून तीन पाहुणे झोपलेले. शिवाय पहिला पाऊस झाल्यावर तारेच्या पलीकडे, दिरांच्या बाजूला, वाळलेल्या म्हणवलेल्या शेराला ओळीनं फुटवे आले. त्यांनी ते खणून काढले. पण त्याआधी शेजारच्या आत्याबाईंनी आणि मी ते मोजले होते. अकरा होते. चौकशीला आत्याबाई येणार आहेत. आणखी तिघी हव्यात.