शटर ओढण्याआधी

लक्ष्मीपूजनाला गिरगाव-दादरच्या दुकानांत अजून वहीची पूजा होते. वहीवर स्वस्तिक काढतात, हळदकुंकू वाहतात. वर्षभराचा हिशेब मात्र आता कॉम्प्युटरवर असतो. त्या कॉम्प्युटरला वहीची एक जुनी सवय लावा, एवढंच आज तुम्हाला सांगायचं आहे.

वहीत चूक झाली की आडवी रेघ मारायची, बाजूला खरा आकडा लिहायचा, सही करायची. खोडलेला आकडा नंतरही वाचता यायचा. कॉम्प्युटरवर तसं नाही. 500 चे 50 केले तरी बिल कोरं करकरीत दिसतं.

हिशेबाच्या प्रोग्राममध्ये दिवसभर चारच गोष्टी घडत असतात. नवी नोंद होते. जुनी बदलते. रद्द होते. नाहीतर पुसली जाते. यातल्या शेवटच्या दोन एकच समजू नका. टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये ऑल्ट आणि एक्स दाबलं की बिल रद्द होतं, पण त्याचा नंबर जागेवर राहतो. ऑल्ट आणि डी दाबलं की नोंदच जाते. चुकलेलं बिल रद्द करायला सांगा. पुसू देऊ नका.

मसाल्याच्या दिवसांतली लालबागची एखादी संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. मिरचीच्या खाटाने सगळे शिंकताहेत. गिऱ्हाईक दोन किलो बेडगी घेतं, रोख पैसे देतं, बिल घेऊन जातं. रात्री कुणीतरी तेच बिल एक किलोचं करतं आणि वरचे पैसे खिशात घालतं. गल्ला जुळतो. महिनाअखेरीला माल कमी भरतो. मग संशय कुणावर जातो? तराजूवर उभ्या असलेल्या पोरावर. गावाहून आलेला असतो, त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं. त्याची नोकरी जाते आणि खरं काय घडलं ते कधीच कळत नाही. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

म्हणून तुमच्या हिशेबनिसाला उद्याच विचारा, 'आपला एडिट लॉग चालू आहे का?' तो चालू असेल तर कोणी, कधी, काय बदललं याची यादी राहते.

प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. सगळे मालकाच्याच नावाने आत शिरत असतील, तर त्या यादीत तुमचंच नाव दिसेल.

बदललेलं बिल दिसलं तर आधी शांतपणे विचारा. गर्दीत बोट चुकतं. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

कायद्यालाही हेच हवं आहे. जीएसटीच्या नियम 56 प्रमाणे हिशेब कॉम्प्युटरवर असेल, तर बदललेल्या आणि पुसलेल्या प्रत्येक नोंदीची यादी ठेवावी लागते. तुमची कंपनी असेल, तर 1 एप्रिल 2023 पासून अशी यादी ठेवणारा प्रोग्रामच वापरावा लागतो.

आणि हिशेबाची व या यादीची एक प्रत दुकानाबाहेर ठेवा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपायचे असतात. पावसाळ्यात दादरच्या हिंदमाताला पाणी भरतं तेव्हा काउंटरखालचा कॉम्प्युटर आधी बुडतो. आठवड्याला एकदा पेनड्राइव्हवर प्रत काढा आणि घरच्या कपाटात ठेवा.

रोज रात्री गल्ला मोजताच. त्याबरोबर बदललेल्या आणि रद्द झालेल्या बिलांची यादीही उघडा, आणि मगच शटर ओढा.