मानधन नव्हे, मोबदला : विल्यम हॉगार्थ आणि १७३५ चा कायदा

१/
वकिलाला फी मिळते, सुताराला मजुरी, कारकुनाला पगार. मुखपृष्ठ काढणाऱ्या चित्रकाराला मात्र मिळते ते ‘मानधन’. शब्द मोठा गोड आहे. त्यात मान पुढे आणि धन मागे. पुष्कळदा ते धन मागेच राहून जाते. खरा कलावंत पैशाचा विचार करीत नाही, हे सुभाषित बहुधा पैसे देणे लागणाऱ्याच्याच तोंडी ऐकू येते.

२/
या समजुतीच्या समर्थनार्थ उपाशी चित्रकारांच्या कथा सांगितल्या जातात. दारिद्र्य हे जणू प्रतिभेचे लक्षणच! अठराव्या शतकातील लंडनचा विल्यम हॉगार्थ (१६९७–१७६४) हा या समजुतीला सणसणीत उत्तर आहे. कलेच्या इतिहासात त्याची ओळख उपहासकार आणि नीतिबोधक चित्रांचा कर्ता म्हणून दिली जाते. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग आपल्या कामाचे पैसे वसूल करण्यात गेला, ही गोष्ट तळटिपेत ढकलली जाते.

३/
हॉगार्थचे वडील रिचर्ड हे शाळामास्तर. जिथे गिऱ्हाइकांनी लॅटिनमध्येच बोलावे असे एक कॉफीगृह त्यांनी काढले. ते बुडाले आणि कर्जापायी त्यांना फ्लीटच्या तुरुंगात जावे लागले. पुढे लॅटिन शब्दकोशावर त्यांनी केलेल्या श्रमांचे चीज झाले नाही. पुस्तकविक्रेत्यांनी वडिलांना दिलेली वागणूक हॉगार्थ उतारवयातही विसरला नव्हता. लेखणीवर पोट भरणाऱ्याचे काय होते, हे त्याने घरातच पाहिले होते.

४/
चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करून १७२० मध्ये त्याने स्वतंत्र व्यवसाय मांडला. दुकानदारांची कार्डे, पुस्तकांतील चित्रे, येईल ते काम. १७२४ मध्ये शहराच्या बिघडलेल्या अभिरुचीवर टीका करणारे एक चित्र त्याने स्वतः तांब्याच्या पत्र्यावर कोरले आणि एक शिलिंग किमतीला स्वतःच प्रसिद्ध केले. थोड्याच दिवसांत त्याच्या नकला दुकानांतून निम्म्या किमतीला विकल्या जाऊ लागल्या आणि अस्सल प्रती त्याच्याकडे परत येऊ लागल्या.

५/
ही केवळ चोरी नव्हती, धंद्याची रीतच होती. दुकाने विक्रेत्यांच्या हाती; चित्रकाराकडे फक्त कोरलेला पत्रा. तो विक्रेता म्हणेल त्या भावाने विकावा, नाहीतर स्वतःच्याच चित्राच्या नकलेशी स्पर्धा करावी. १७१० च्या कायद्याने ग्रंथांना संरक्षण मिळाले होते. सुट्या छापील चित्रांना कसलेच नव्हते.

६/
कामाचे पैसे बुडवण्याच्या सबबीही तेव्हापासूनच्या. जोशुआ मॉरिस नावाच्या भिंतपडदे विणवून घेणाऱ्या व्यावसायिकाने हॉगार्थकडून ‘पृथ्वी’ या विषयावर नमुनाचित्र काढून घेतले. मग हा तर नुसता कोरीवकाम करणारा, चित्रकार नव्हे, असे कानावर आले म्हणून काम नाकारले. हॉगार्थ मानधनाची वाट पाहत बसला नाही. त्याने दावा लावला आणि २८ मे १७२८ रोजी तो जिंकला.

७/
१७३२ मध्ये त्याने विक्रेत्यांना वगळूनच पाहिले. ‘अ हार्लट्स प्रोग्रेस’ या सहा चित्रांच्या मालिकेसाठी त्याने थेट वर्गणीदार नोंदवले : किंमत एक गिनी, निम्मी आगाऊ, निम्मी चित्रे हाती आल्यावर. पावतीसुद्धा त्याने स्वतःच कोरलेले छोटेसे चित्र होते. (आगाऊ रक्कम मागताना आज ज्यांची जीभ अडखळते, त्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा.) सुमारे १,२०० वर्गणीदार मिळाले. यशाच्या पाठोपाठ नकलाही आल्याच.

८/
मग त्याने संसदेची वाट धरली. जॉर्ज व्हर्ट्यू, जॉन पाइन, जॉर्ज लॅम्बर्ट आदी सहकाऱ्यांसह त्याने अर्ज केला. अर्जाच्या बाजूने एक पत्रकही निघाले. नकला करणारे हातही तुटपुंज्या दरात राबवले जातात, हे त्यात मांडले होते. म्हणजे भांडण अस्सल चित्रकार विरुद्ध नकलाकार असे नव्हतेच. दोघांच्याही श्रमावर दुकान चालत होते.

९/
कायदा झाला. २४ जून १७३५ पासून, चित्राची कल्पना करून ते कोरणाऱ्याला १४ वर्षे त्यावर एकट्याचा हक्क. नकलेच्या प्रत्येक प्रतीमागे पाच शिलिंग दंड. ‘अ रेक्स प्रोग्रेस’ ही आठ चित्रांची मालिका हॉगार्थने तोवर अडवून धरली होती. विक्रेत्यांनी गिऱ्हाइकांच्या वेषात माणसे त्याच्या चित्रशाळेत पाठवली, त्यांच्या आठवणीवरून चित्रे काढवली आणि कायदा लागू होण्याआधीच घाईने बाजारात आणली! अस्सल मालिकेवर तारीख आहे २५ जून १७३५.

१०/
येथे एक आक्षेप हमखास येतो : नकलांमुळेच तर कला गरिबांपर्यंत पोहोचली. वस्तुस्थिती निराळी आहे. ‘रेक’ची अस्सल मालिका दोन गिनींना होती, ती अनेकांना परवडणारी नाही हे हॉगार्थला ठाऊक होते. म्हणून त्याने थॉमस बेकवेल या विक्रेत्याला अडीच शिलिंगांची स्वस्त आवृत्ती काढण्याची संमती दिली. कला स्वस्त करण्यासाठी चित्रकाराला लुबाडावे लागत नाही. त्याला विचारावे लागते.

११/
मात्र हॉगार्थची आरती ओवाळण्याचेही कारण नाही. हा कायदा त्याच्याच अंगाबेताने शिवलेला होता. जो स्वतः कल्पना करतो आणि स्वतः कोरतो, त्याला पूर्ण लाभ. दुसऱ्याच्या चित्रावरून कोरीवकाम करणारे कारागीर बाहेरच राहिले, आणि त्यांत अर्जावर सही करणारा व्हर्ट्यूही होता. ही उणीव १७६७ च्या कायद्याने दूर केली, मुदत २८ वर्षे केली आणि हॉगार्थच्या विधवेला, जेन हॉगार्थ यांना, त्याच्या चित्रांवर २० वर्षांचा खास हक्क दिला. लेस्टर फील्ड्समधील घरातून त्या ती चित्रे विकत राहिल्या. नवऱ्याच्या कोरीव पत्र्यांवर विधवेचा चरितार्थ चालला, तो पत्रे विकून टाकले नव्हते म्हणून.

१२/
आता भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा. कलम १७ म्हणते, कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. लगेच अपवाद येतात : छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र वा कोरीवचित्र कोणी मोबदला देऊन करवून घेतले असेल, तर उलट करार नसल्यास पहिला मालक करवून घेणारा. पत्रा पुन्हा विक्रेत्याच्या हाती! कलम ५७ नावाचा हक्क मात्र कर्त्याकडेच ठेवते, हक्क विकल्यानंतरही.

१३/
सारे काही ‘उलट करार नसल्यास’ या तीन शब्दांवर उभे आहे. आणि दिवाळी अंकाची कथाचित्रे ऑगस्टमध्ये फोनवर ठरतात : किती चित्रे, कोणत्या मापाची, कोणत्या तारखेपर्यंत. पुनर्मुद्रण कोणाच्या हक्काचे, हे त्या फोनवर कोणी विचारीत नाही.